एक नाव, दहा माणसं. एक माणूस, चार नावं

"माझ्या पणजोबांविषयी काही सापडेल का?"

कुठल्याही मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या संदर्भ विभागाला हा प्रश्न नवा नाही. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक नाव असतं, मागे पुसट अक्षरांत काहीतरी लिहिलेला एखादा फोटो असतो आणि घरात वर्षानुवर्षं ऐकलेली एक गोष्ट असते. नाव सांगितलं, ते ग्रंथपालांनी संगणकात घातलं, की माणूस सापडला, अशी त्याची समजूत असते. पण ग्रंथपाल उलट त्यालाच विचारू लागतात. पणजोबा साधारण कधी वारले? कुठे? काय काम करायचे? भावंडं किती होती? त्यांच्या बायकोचं माहेरचं नाव ठाऊक आहे का? आणि हे सगळं तुम्हाला सांगितलं कोणी?

पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते. खरं तर शोध तिथेच सुरू झालेला असतो. ग्रंथपालांना अनुभवाने एक गोष्ट पक्की माहीत असते, ती म्हणजे नाव सापडणं आणि माणूस सापडणं यात फार अंतर आहे. एका नावाची दहा माणसं असतात आणि एका माणसाची चार नावं असतात. घराण्याच्या इतिहासाचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न या दोन अडचणींतून वाट काढण्याचा असतो.

लोकांचे प्रश्न ऐकून घेऊन त्यांना उत्तरापर्यंत नेणं हे ग्रंथपालाचं काम आहे, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतल्या वूस्टर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युअल स्वेट ग्रीन यांनी १८७६ साली एका निबंधात तिचा पुरस्कार केला. पुस्तकं नीट लावून ठेवली, यादी केली की काम संपत नाही. वाचकाशी बोललं पाहिजे, त्याला संकोच वाटणार नाही असं वागलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. संदर्भसेवेचा उगम बहुतेक जण तिथे मानतात.

पुढे १९६८ साली रॉबर्ट टेलर या अभ्यासकाने एक फार मार्मिक गोष्ट दाखवून दिली. माणसाच्या मनात आधी नुसती हुरहुर असते. मग ती त्याला स्वतःला थोडी कळू लागते. मग तो ती शब्दांत बसवतो. आणि शेवटी, ग्रंथालयात काय मिळेल याचा स्वतःच अंदाज बांधून तो आपला प्रश्न छाटून टाकतो. टेबलापर्यंत पोचतो तो हा छाटलेला प्रश्न. समजा, एखादी बाई येऊन म्हणते, "मला १९१२ सालच्या जहाजांच्या प्रवाशांची यादी हवी." तिला यादी नको असते. आजोबा परदेशी एकटेच गेले की त्यांच्याबरोबर आणखी कुणी होतं, हे तिला जाणून घ्यायचं असतं, आणि ते परक्या माणसाला विचारायला जीभ रेटत नाही. ग्रंथपालांनी नुसती यादी हाती दिली तर विचारलेल्याचं उत्तर मिळेल, हवं ते मिळणार नाही. म्हणून ते हळूहळू बोलतं करतात. या बोलण्याला ग्रंथालयशास्त्रात संदर्भ मुलाखत म्हणतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा नियम आहे: वाचकाचा वेळ वाचवा. सुरुवातीची ही दहा मिनिटं पुढचे महिने वाचवतात.

आता पहिली अडचण घेऊ: एक नाव आणि पुष्कळ माणसं.

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या नोंदवह्यांत एकाच गावात एकाच नावाचे चार-पाच जण भेटणं अगदी नेहमीचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं जायचं, आणि चार मुलगे असतील तर चौघांच्याही घरी त्याच नावाचा नातू. मूल तान्हेपणी दगावलं तर पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव मिळे. म्हणजे एकाच आईबापांच्या पोटी एकाच नावाच्या दोन जन्मनोंदी. घाईत शोधणारा पहिली नोंद उचलतो आणि वर्षभरात मेलेल्या बाळाला आपला पणजोबा करून बसतो. 'सीनिअर' आणि 'ज्युनिअर' हे शब्दही असेच फसवतात. आज आपण त्यांचा अर्थ बाप आणि मुलगा असा लावतो. जुन्या काळी एका गावात एकाच नावाचे दोन पुरुष असले की थोरल्याला सीनिअर आणि धाकट्याला ज्युनिअर म्हणत. ते काका-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कुणीही नसतील. थोरला वारला की कालचा ज्युनिअर आज सीनिअर होई.

अशा वेळी ग्रंथपाल नावाभोवती कुंपण घालत जातात. हा माणूस या गावचा, या काळातला, हा धंदा करणारा, अमकीचा नवरा, तमक्याचा शेजारी. शेजारी महत्त्वाचा, कारण माणसं एकटी फारशी हलत नसत. गाव सोडताना भाऊ, मेहुणा, ओळखीचं कुटुंब अशी सोबत असे, आणि नव्या ठिकाणीही ती आसपास राहत. जनगणनेच्या पानावर पणजोबांच्या वरच्या-खालच्या चार घरांची नावं उतरवून घ्या, असं ग्रंथपाल सांगतात ते त्यासाठीच. जमिनीच्या व्यवहारातला साक्षीदार, बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्ममाता-पिता यांच्याकडूनही पुष्कळदा वाट सापडते.

हेच काम ग्रंथालयं पुस्तकांच्या लेखकांसाठी कायम करत असतात, वाचकाला ते दिसत नाही इतकंच. एकाच नावाच्या दोन लेखकांची पुस्तकं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सूचीत नावापुढे जन्मवर्ष लिहितात. उलट एकाच लेखकाचं नाव टॉलस्टॉय, तोल्स्तोय असं वेगवेगळं छापलेलं असलं तरी पुस्तकं एका जागी यावीत म्हणून त्याचं एक प्रमाण रूप ठरवतात आणि बाकीची रूपं त्याला जोडतात. अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस, जर्मनीचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी २००३ साली अशा याद्या परस्परांना जोडायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली 'व्हर्च्युअल इंटरनॅशनल ऑथॉरिटी फाइल' कुणालाही फुकट पाहता येते. पण तिच्यात येतात ती मुख्यतः लेखक-कलावंत म्हणून ग्रंथसूचीत शिरलेली माणसं. तुमचे-माझे पणजोबा त्यात बहुधा नसणार. त्यांच्यासाठी हे जोडण्या-तोडण्याचं काम हातानेच करावं लागतं.

दुसरी अडचण जास्त चकवणारी: माणूस एक आणि नावं अनेक.

पूर्वी नाव लिहिणारा बहुतेक वेळा नावाचा धनी नसे. पाद्री, जनगणनेचा कारकून, जहाजकंपनीचा नोकर कानावर पडेल तसं लिहून घेई. सांगणाऱ्याला स्वतःला लिहिता येत नसेल तर चूक दुरुस्त कोण करणार? म्हणून ग्रंथपालांचा पहिला सल्ला असतो, नावाचं 'शुद्ध' रूप विसरा. 'आमच्या घराण्यात हे नाव कधीच असं लिहीत नव्हते' हे वाक्य त्यांना पदोपदी ऐकावं लागतं, आणि त्याच अट्टहासापायी हाताशी असलेली नोंद सुटून जाते.

कानाने नाव शोधायची एक जुनी युक्ती आहे, साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचं पेटंट घेतलं. रोमन लिपीतल्या नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे आणि सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. मग स्मिथ, स्मायथ आणि जर्मन श्मिट या तिघांचंही संकेतचिन्ह 'एस ५३०' असं एकच येतं आणि ते एका खणात पडतात. १९३० च्या दशकात अमेरिकेने आपल्या जुन्या जनगणनांच्या सूची या पद्धतीने करून घेतल्या. तिचं दुबळेपण पहिल्या अक्षरात आहे. क्रेमर हे नाव 'सी'ने लिहिलं की एका खणात आणि 'के'ने लिहिलं की दुसऱ्या. शिवाय पूर्व युरोपातल्या नावांना ती पुरत नाही. त्यांच्यासाठी १९८५ साली डाइच आणि मोकोटॉफ या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी वेगळी पद्धत निघाली. संगणक आज याहून पुष्कळ पुढे गेला, तरी ग्रंथपाल कागदावर नावाची सात-आठ संभाव्य रूपं लिहून मगच शोधाला बसतात.

आडनाव हीच गोष्ट पुष्कळ देशांत आपल्याला वाटते त्यापेक्षा नवी आहे. जपानमध्ये सर्वांना आडनाव सक्तीचं झालं १८७५ साली, थायलंडमध्ये १९१३ साली, तुर्कस्तानात १९३४ साली. नेदरलँड्समध्ये नेपोलियनच्या अमलाखाली १८११ साली आडनाव नोंदवण्याचा हुकूम निघाला. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना घराण्याचं आडनाव नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावापुढे मुलगा किंवा मुलगी असा प्रत्यय लागतो, आणि दूरध्वनीच्या यादीत माणसं पहिल्या नावाने लावलेली असतात. तिथे 'या आडनावाचे सगळे लोक दाखवा' असं म्हणून हाती काही लागत नाही.

स्त्रियांचं तर नाव पुष्कळ ठिकाणी पार झाकून गेलेलं असतं. इंग्रजी वर्तमानपत्रांत लग्न झालेली बाई 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव अशी छापली जाई. तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही. तिला शोधायचं तर नवऱ्याच्या नावाने शोधावं लागतं, हे कितीही खटकलं तरी. माहेरचं नाव मिळवायच्या वाटा देशागणिक वेगळ्या. इंग्लंड-वेल्सच्या जन्मनोंदींच्या सूचीत १९११ च्या उत्तरार्धापासून आईचं माहेरचं नाव छापलेलं असतं. त्याआधीचं हवं असेल तर पूर्वी मूळ दाखला मागवावा लागे; २०१६ पासून नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत तेही दिसतं. स्कॉटलंडच्या नोंदींत विवाहित स्त्रीचं माहेरचं नावही लिहायची रीत असल्याने तिथे शोध पुष्कळ सोपा होतो.

नावं बदलण्याविषयी एक गोष्ट अमेरिकी घरांत फार श्रद्धेने सांगितली जाते: "एलिस बेटावर उतरल्यावर अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदलून टाकलं." न्यूयॉर्कजवळचं हे बेट १८९२ ते १९५४ या काळात स्थलांतरितांचं प्रवेशद्वार होतं आणि १ कोटी २० लाखांवर माणसं तिथून आत गेली. पण प्रवाशांची यादी बेटावर बनतच नसे. ती जहाजकंपनी निघण्याच्या बंदरातच भरून घेई, आणि बेटावरचा अधिकारी समोरच्या माणसाला त्या यादीशी ताडून पाही. मदतीला दुभाषे असत. नावं बदलली हे खरं, पण ती बहुतेक करून नंतर, लोकांनी स्वतःच बदलली: नोकरी मिळावी म्हणून, शाळेत मुलांना त्रास नको म्हणून, नागरिकत्व घेताना. ग्रंथपालांना ही चूक सांगताना जपून बोलावं लागतं, कारण समोरच्या माणसासाठी ती आजीने सांगितलेली गोष्ट असते. मात्र ती सुधारली की शोधाची दिशा बदलते. आता जुन्या देशातलं नाव जहाजाच्या यादीत असणार आणि नवं नाव नागरिकत्वाच्या कागदांत.

याच्या उलट टोकाचं उदाहरण भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांच्या आसपास माणसं कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून फिजीला नेली गेली. त्यांच्या प्रत्येकाचा परवाना असे आणि त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची, अंगावरची खूण एवढं सगळं टिपलेलं असे. सत्तेने आपल्या सोयीसाठी ठेवलेली ही नोंद आज नातवंडांना गावापर्यंत नेते. पण मजुराला पुष्कळदा एकच नाव असे. पुढच्या पिढीत तेच बापाचं नाव मुलांचं आडनाव झालं. म्हणून आजच्या आडनावाने शोधलं तर परवान्यावर काही सापडत नाही. जहाजाचं नाव, आल्याचं वर्ष आणि परवान्याचा क्रमांक हाच तिथे माणसाचा खरा पत्ता असतो.

तारखाही नावांसारख्याच हलतात. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्या वर्षी पंचांग बदललं आणि २ सप्टेंबरनंतरचा दिवस एकदम १४ सप्टेंबर धरला गेला. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२. हे माहीत नसलेला वाचक दोन तारखा पाहून ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजतो.

मग खरं कशाला मानायचं? इथे ग्रंथपाल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला शिकवतात: ही माहिती कोणी दिली, आणि त्याला ती कशी ठाऊक? मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख भरवशाची, कारण सांगणारा तेव्हा तिथे होता. त्याच कागदावरची जन्मतारीख आणि आईबापांची नावं मात्र शोकात असलेल्या जावयाने आठवून सांगितलेली असू शकतात. कागद एक, पण त्यातल्या दोन ओळींचं वजन वेगळं. संकेतस्थळांवर लोकांनी जोडलेल्या वंशावळींची गत याहून अवघड. एकाने अंदाजाने लिहिलेलं नाव पन्नास जणांनी उतरवून घेतलं की ते पन्नास पुरावे वाटू लागतात. ते एकाच अंदाजाचे पन्नास प्रतिध्वनी असतात. 'आमच्या आडनावाची राजमुद्रा दाखवा' ही मागणीही अशीच. इंग्लंडात ढालीवरची चिन्हं व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिली जातात, आडनावाला नाही. १४८४ साली स्थापन झालेलं तिथलं कॉलेज ऑफ आर्म्स हे स्पष्टच सांगतं.

काही वेळा शोध थांबतो तो नोंदच उरली नसल्यामुळे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत जळाले किंवा खराब झाले, आणि उरलेलेही पुढे नष्ट केले गेले. डब्लिनचं अभिलेखागार १९२२ साली यादवी युद्धात उडालं, आणि शतकांचं आयरिश दप्तर त्यात गेलं. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ साली जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. ही भगदाडं कुठे आहेत हे माहीत असणं हे ग्रंथपालांचं मोठं ज्ञान आहे. नसलेल्या कागदासाठी वाचकाने सहा महिने घालवू नयेत. त्याऐवजी ते शहरांच्या जुन्या रहिवासी-याद्या, करांच्या वह्या, किंवा इंग्लंडसाठी युद्धाच्या सुरुवातीला केलेली १९३९ ची रहिवाशांची नोंदवही पुढे करतात.

कधी नोंद असते पण ती उघडायची वेळ आलेली नसते. अमेरिकेत जनगणनेतली माणसांची नावं ७२ वर्षं गुप्त राहतात. १९५० ची पानं १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. इंग्लंडात ही मुदत १०० वर्षांची. हयात माणसाचा पत्ता शोधून द्या, हरवलेला भाऊ शोधून द्या, अशा विनंत्या येतात तेव्हा ग्रंथपाल फार सावध असतात, आणि ते मला योग्यच वाटतं. शोधणारा प्रेमाने शोधत असेल; पण ज्याला शोधलं जातंय तो मुद्दाम दूर गेलेला असू शकतो. तसंच, तुम्ही काय विचारलंत हेही ते दुसऱ्याला सांगत नाहीत. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतच ही गुप्तता नमूद आहे.

ग्रंथपाल काय करत नाहीत हेही कळलेलं बरं. 'हेच तुमचे पणजोबा' असा निवाडा ते देत नाहीत, अख्खी वंशावळ बांधून देत नाहीत. कुठल्या वहीत पाहायचं, ती कुठे आहे, कशी वाचायची, हे ते सांगतात. अमेरिकेतल्या युटा राज्यात १८९४ साली सुरू झालेल्या संस्थेने, आजच्या फॅमिलीसर्चने, १९३८ पासून जगभरच्या नोंदींची मायक्रोफिल्म केली. तिच्या २४ लाख रिळांचं डिजिटल रूपांतर २०२१ साली पूर्ण झालं. तरीही त्यातल्या पुष्कळ पानांची नावानिशी सूची नाही, आणि काही पानं घरून दिसत नाहीत, ठरावीक ग्रंथालयांत जाऊनच पाहावी लागतात. शोधपेटीत नाव टाकून 'काही नाही' आलं, तर त्याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही.

म्हणून चांगल्या ग्रंथपालाचं नकाराचं उत्तरही लांबलचक असतं: अमुक वही, अमुक ते अमुक वर्षं, नावाची ही पाच रूपं, सापडलं नाही, ही दोन वर्षं मात्र वहीतच नाहीत. ते उत्तर जपून ठेवा. पुढच्या माणसाला तिथून पुढे जाता येतं.

या दोन अडचणींपलीकडे एक तिसरी आहे: नावच लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांची वेगळी यादी होती. त्यात मालकाचं नाव असे आणि खाली गुलामांचं वय, लिंग, रंग. नाव नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर १८७० च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा आपापल्या नावाने नोंदली गेली. आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांचा शोध बहुतेक वेळा त्या वर्षाशी येऊन थबकतो. भिंतीपलीकडे जायचं तर आधी मालक कोण हे कळलं पाहिजे, कारण त्याच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या याद्यांतच माणसांची नावं दडलेली असतात.

तिथे ग्रंथपाल एक वेगळीच वही काढून देतात. मुक्त झालेल्या लोकांसाठी १८६५ साली एक बचत बँक निघाली. ती १८७४ साली बुडाली आणि साठ हजारांहून जास्त खातेदारांचे पैसे अडकले. पण खातं उघडताना माणसाची ओळख पटावी म्हणून बँकेचा कारकून विचारून लिहून घेई: जन्म कुठला, जोडीदार कोण, मुलं कोण, बाप, आई, भाऊ, बहिणी. सुरुवातीच्या काही अर्जांवर जुन्या मालकाचं आणि मळ्याचं नावही विचारलेलं आहे. पैसे गेले, वह्या राहिल्या. दहा वर्षांपूर्वी सरकारी यादीत 'पुरुष, वय २३' एवढाच उरलेला माणूस तिथे खिडकीशी उभा राहून आपल्या आईचं नाव सांगतो, आणि जी भावंडं विकली गेली त्यांचीही.